घट्ट गेज

विद्यार्थिनी वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर
२ सप्टेंबर २०२५

अण्णा,

शाळेत शिकवलेला 'तीर्थरूप' लिहिला होता, तो खोडला. तुम्ही तो वाचून म्हणाला असता, आधी नाव घालवायचं आणि मग पाया पडायचं.

पत्र लिहितेय कारण फोन तुम्ही उचलत नाही. आईच्या फोनवर केला तर मागून तुमचाच आवाज येतो, "तिला सांग मी शिफ्टला गेलोय." शिफ्टला गेलेला माणूस घरातून बोलतो, हे फक्त आपल्या लासूर स्टेशन गावातच होऊ शकतं. पत्र मात्र तुम्हाला टाळता येणार नाही. हातात आलेला कागद न वाचता तुम्ही ठेवूच शकत नाही, मग तो भेळेचा का असेना.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. मी काय केलं ते तुम्ही फक्त लोकांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून माझ्या तोंडून ऐका.

नऊ ऑगस्टला वक्तृत्व स्पर्धा होती. विषय 'महासत्ता आणि जागतिक शांतता'. बाकीच्या बावीस जणांनी कबुतरं उडवली. मी तुमचं गेज काढलं. म्हणजे खरं गेज नाही, ते कारखान्याचं. मी हातात पेन धरून दाखवलं की वाळूजच्या एका कारखान्यात माझे वडील इन्स्पेक्टर आहेत, त्यांच्याकडं एक लोखंडी दांडा असतो. एक टोक 'गो', ते भोकात गेलं पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते अडलं पाहिजे. तसं झालं तर माल पास, हिरवा ठिपका. नाहीतर लाल. आणि मग मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या पिशवीत अशी दोन गेज असतात, आपल्या मालासाठी सैल आणि बाहेरच्या मालासाठी घट्ट. जगाच्या कारखान्यातही असाच एक इन्स्पेक्टर बसलाय.

पुढचं भाषण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण लोकांना तेवढी पिशवीच लक्षात राहिली. मी म्हटलं, इराणनं अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली आहे. त्यानं लपवाछपवी केली, हेही मी बोलले, ते कुणी सांगत नाही. पण तपासनीस त्याच्या देशात असतानाच, बावीस जूनला अमेरिकेनं त्याच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्याच भागातल्या इस्रायलनं सहीच केलेली नाही, आपल्याकडं बॉम्ब आहे की नाही हेही तो सांगत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही. तेहरानला पहिली अणुभट्टी कुणी दिली? अमेरिकेनंच, १९६७ साली. तेव्हा तिथला राजा त्यांचा होता. राजा गेला आणि गेज बदललं. २०१५ साली पुन्हा करार झाला, इराण तो पाळतोय असं तपासनिसांनी लिहून दिलं, तरी तीन वर्षांनी अमेरिकाच त्यातून उठून गेली. आणि बॉम्ब माणसांवर टाकणारा देश आजवर एकच आहे, तोच दुसऱ्यांचे खिसे तपासतोय.

टाळ्या पडल्या. मग मी आपल्याकडं वळले. १९७४ साली आपण चाचणी केली तर पुढं त्यांनी तारापूरचं इंधन अडवलं. १९९८ साली केली तर निर्बंध लावले. दहा वर्षांनी तेच आपल्याशी अणुकरार करून मोकळे. प्रसारबंदी करारावर आपण सही तेव्हा केली नव्हती, आजही नाही. सुटा भाग तोच, गेज बदललं. आज आपल्याला सैल गेज लागतंय म्हणून आपण गप्प बसायचं का? इथं टाळ्या थांबल्या. एक परीक्षक नंतर म्हणाले, "बेटा, भाषण झक्कास. फक्त आपल्या देशाचं नाव घ्यायला नको व्हतं." म्हणून दुसरा नंबर.

माझ्या मैत्रिणीनं, मोनिकानं व्हिडिओ टाकला, माझ्याच खात्यावरून, माझ्या परवानगीनं. दोन लाख लोकांनी बघितला. त्यातला एक, तुमचा माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस निघाला. त्यानं येऊन विचारलं, तुमच्याकडं दोन गेज आहेत का? आणि सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पॅकिंगला लावलं, खोके चिकटवायला.

मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. पण तुम्ही मला दारात उभं करून म्हणालात, "तो व्हिडिओ काढ, मगच या घरात पाय ठेव." का काढू? मी खोटं बोलले का? तुम्हीच जेवताना कारखान्यातल्या सांडूकाकांना म्हणाला होतात, "आपल्यासाठी येगळं गेज, बाहेरच्यासाठी येगळं." माझ्या कानांनी ऐकलंय. खरं बोलल्याचं तुम्हाला दुखलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

आई म्हणते तुम्ही जेवत नाही. जेवा.

राजनंदिनी

*

१८ सप्टेंबर २०२५

अण्णा,

उत्तर आलं नाही. आई म्हणते पत्र वाचलंत, दोनदा, चष्मा पुसून, आणि जुन्या गेजच्या रिकाम्या पेटीत ठेवलंत. लाल म्हणून ठेवलंत की हिरवं म्हणून, ते तिला कळलं नाही.

एक बातमी आहे. आईला मी सांगितलेली नाही, कारण ती आधी रडेल आणि मग साऱ्या गल्लीला सांगेल. मला अमेरिकेतल्या ओहायोच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालाय. विषय सूक्ष्म मापन. तिथंच शिकवायचं आणि शिकायचं, खर्च विद्यापीठाचा. जानेवारीत हजर व्हायचं. एमएस्सीला असताना मी हा विषय का घेतला ते तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तुम्ही माझ्या गणिताच्या वहीत बरोबर उत्तराला हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचात, कारखान्यातून बोटाला लागून आलेला. मला बाईंच्या सहीपेक्षा त्याची किंमत जास्त होती.

आता गंमत ऐका. व्हिसासाठी आपली समाजमाध्यमांवरची सगळी खाती उघडी ठेवायची, असा त्यांचा जूनपासून नियम आहे. निराला बाजारात व्हिसाची कामं करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी माझा व्हिडिओ बघितला, पूर्ण सात मिनिटं, आणि हसून म्हणाले, "मॅडम, बोलता बेष्ट तुम्ही. पण हे आजच्या आज उडवा. अमेरिका सोडून कोणाला बी शिव्या द्या, चालतंय." मी म्हटलं, मी शिव्या दिलेल्या नाहीत, तारखा दिल्यात. ते म्हणाले, "तारखा तर आणखीन वाईट."

म्हणजे बघा, एकीकडं तुम्ही म्हणता व्हिडिओ काढ, दुसरीकडं अमेरिका. तुमची आणि त्यांची युती होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मोनिका विचारते, एवढ्या शिव्या घालतेस तर तिकडं जातेस कशाला? मी तिला सांगितलं, मोजायला शिकायला. त्यांच्या प्रयोगशाळा चांगल्या आहेत. एका केसाचे हजार भाग ते मोजतात, हे मी मान्य करते, त्यात मला लाज नाही. ज्यांना इतकं बारीक मोजता येतं त्यांना आपला मित्र आणि आपला शत्रू एका मापानं मोजता येत नाही, याचाच मला राग आहे. मोजताच येत नसतं तर राग आला नसता.

आणि हा राग मला कुणी शिकवला? तुम्ही. पोखरणनंतर तुमच्या पहिल्या कारखान्यातल्या परदेशी मोजणीयंत्राचा सुटा भाग आठ महिने आला नाही, ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली असेल. खरंच निर्बंधांमुळं अडला की डीलरचा बहाणा होता, ते देव जाणे. पण तुम्ही आणि सांडूकाकांनी तो भाग लेथवर स्वतः बनवला आणि यंत्र चालू केलं. "कुणी नाय म्हणलं म्हणून आपलं काम थांबत नसतंय," हे तुमचंच वाक्य. मग आता मी का थांबू?

इराणच्या हातात बॉम्ब असावा असं मी म्हणत नाही. कुणाच्याच हातात नसावा. ज्यांच्याकडं आधीपासून आहेत त्यांनीही ते कमी करत नेऊ, असं त्याच प्रसारबंदी करारात लिहून दिलंय. ते कलम कुणी वाचत नाही.

व्हिडिओ तसाच आहे. घरी येत नाही.

राजनंदिनी

*

३ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

काल दसरा. दुपारी वसतिगृहाच्या फाटकावर कुणीतरी भेटायला आलंय म्हणून वॉचमननं हाक मारली. मला वाटलं तुम्ही. पळत गेले. सांडूकाका होते, हातात आपट्याची पानं. मी सोनं घेतलं, पाया पडले. ते चहालाही थांबेनात. उभ्या उभ्या बोलले, आणि जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही ते मला कधीच सांगितलं नसतं.

म्हणाले, "पोरी, खंडेनवमीला गेजच्या पेटीला हळद-कुंकू दरसाल तुझा बा, गोकुळ लावतो. औंदा त्याला कुणी बोलावलंच नाय. तो तिकडं पॅकिंगवर, हिकडं पाठ करून बसला. नारळ मंग म्या फोडला."

मी म्हटलं, काका, मला वाईट वाटतं, पण दोन गेज तर होतीच ना?

"व्हती की. आजबी हायेत. दोन असायलाच पायजे. पण तू उलटं सांगितलं, नंदे."

मला कळेना. मग त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि फाटकाच्या कडीत घालून दाखवलं. "आपल्या पोरांनी मशीनवर बनवलेल्या मालाला घट्ट गेज. मर्यादा एवढी असली तर आपण तिच्याबी आत राहायचं. अन् बाहेरून आलेल्या मालाला मर्यादेपर्यंत पुरं जाऊ द्यायचं, ते सैल. का? तर गेजबी लोखंडच हाय, त्यातबी चूक असती. आपल्या गेजच्या चुकीपायी दुसऱ्याचा चांगला माल लाल व्हायला नको. अन् आपला वाईट माल हिरवा व्हायला नको. गोकुळ तर नव्या पोराला पयल्या दिवशी हेच शिकवतो. घट्ट ते घरचं."

अण्णा, मी काकांच्या हातून पेन परत घेतलं आणि कडीत पुन्हा घालून बघितलं.

तुम्ही जेवताना एवढंच म्हणाला होतात, आपल्यासाठी येगळं, बाहेरच्यासाठी येगळं. घट्ट कुणाला आणि सैल कुणाला, ते तुम्ही बोललाच नव्हता. ते मी माझ्या मनानं भरलं. सैल स्वतःला असणार, हे मी धरूनच चालले. मापनाचा अभ्यास करणारी मुलगी, आणि न मोजता आकडा लिहून मोकळी झाले. आणि तोही दोन लाख लोकांसमोर, तुमच्या नावानं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की हे माफीचं पत्र नाही. हे आहे. माझं चुकलं. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. मी दोन महिने अमेरिकेला विचारत होते की पुरावा कुठाय, आणि तुमच्या बाबतीत मला पुराव्याची गरजच वाटली नाही. दोन गेज तुमच्या पिशवीत नव्हती, माझ्याकडं होती.

एक मात्र विचारते. तुम्ही त्या दिवशी दारात मला एवढंच का नाही सांगितलं? "उलटं बोललीस," एवढे दोन शब्द. सव्वीस वर्षं तुम्ही नव्या पोरांना समजावून सांगता, मला सांगायला तुमचा अहंकार आड आला. तुम्ही माझे वडील आहात म्हणून हे मी लिहायचं नाही, असं होणार नाही. तुमचंही तेवढं चुकलं.

नंदिनी

*

२४ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

दिवाळी वसतिगृहात काढली. खानावळ बंद होती, मोनिकाच्या घरचा फराळ आला. भाऊबीजेला शिवराजचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, अण्णा काय बोलत नायेत, पण तुझ्या वाटची करंजी त्यांनीच काढून ठेवली." चकल्या काढून ठेवायला हव्या होत्या, पण चालेल.

जुना व्हिडिओ मी काल काढला. व्हिसावाल्यासाठी नाही. त्यात तुमच्याबद्दल चूक होती आणि चुकीचा माल बाजारात ठेवायचा नसतो. त्याच्या जागी नवा टाकणार आहे. सोबत त्याचा मजकूर पाठवतेय, साडेतीन पानं. तपासा. सुरुवात अशी आहे:

'ऑगस्टमध्ये मी माझ्या वडिलांविषयी एक चुकीची गोष्ट सांगितली. ते दोन गेज वापरतात हे खरं. पण घट्ट गेज ते स्वतःच्या मालाला लावतात आणि सैल दुसऱ्याच्या. मी हे उलटं सांगितलं, कारण जगात उलटंच बघायची सवय झालीय. माझी चूक मी दुरुस्त केली. आता ज्या इन्स्पेक्टरबद्दल मी बोलले होते, त्यानं त्याची करावी.'

पुढं अमेरिकेबद्दलचं एक वाक्यसुद्धा मी गाळलेलं नाही. उलट वाढवलंय. आधी मी म्हणत होते, सगळ्यांना एकच गेज लावा. आता म्हणते, तेवढ्यानं भागणार नाही. ज्याच्याकडं हजारो बॉम्ब, ज्याच्या हातात तपासणीचं टेबल, त्यानं स्वतःला जास्त घट्ट लावायला पाहिजे. वाळूजच्या एका शेडमध्ये हे चालतं, मग तिथं का चालू नये?

कारखान्यात आणि तुमचा माल घेणाऱ्या कंपनीलाही मी पत्र टाकलंय, माझ्या नावानिशी, की चूक माझी होती, त्यांनी रजिस्टर तपासावं. उपयोग होईल की नाही माहीत नाही. गेलेलं नाव टपालानं परत येत नाही. पण मी गप्प बसून राहणार नाही.

व्हिसाची मुलाखत चोवीस नोव्हेंबरला आहे, मुंबईत. आईला आता सांगा. तुम्ही सांगितलं तर ती कमी रडेल.

नंदिनी

*

१२ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

पाकीट मिळालं. आत ना मायना, ना सही, ना एक शब्द माझ्या नावाचा. माझीच साडेतीन पानं परत, आणि त्यांच्यावर तुमची लाल आणि हिरवी पेन्सिल. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि रडले. मग मोजायला बसले. आठ हिरवे ठिपके. तीन लाल.

पहिला लाल: 'दांडा' शब्दाखाली. बाजूला 'प्लग गेज म्हण.' म्हणेन.

दुसरा: दुसऱ्या पानावर समासात, 'वापरून गेज झिजतं. हे घातलं नाहीस. दर सहा महिन्यांनी आमचं गेज मास्टरशी, म्हणजे मूळ मापाशी, ताडून बघतात. आणि मास्टरबी तपासायला बाहेरच्या लॅबला जातो. त्याला कोण विचारतंय, असं म्हणून भागत नाही.' अण्णा, मी सात महिने वाचतेय, टिपणं काढतेय, आणि माझ्या सगळ्या भाषणात हेच वाक्य नव्हतं. मास्टरला कोण तपासणार, हाच तर सगळा प्रश्न आहे. ते मी शेवटी घेतलंय, तुमच्या शब्दांत. खाली तुमचं नाव सांगणार आहे. आता नाही म्हणू नका.

तिसरा लाल शेवटच्या पानाच्या तळाशी. अगदी बारीक अक्षरात, खोडून पुन्हा लिहिलेलं. 'मुलाखत झाल्यावर टाक.'

हे वाक्य मी दहा वेळा वाचलं असेल. तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळतं. पोरीचं कल्याण व्हावं, बाराच दिवसांचा तर प्रश्न आहे, खरं कुठं पळून जातंय. तुम्ही घाबरलात, माझ्यासाठी घाबरलात. तीन महिने न बोललेल्या माणसाची ही काळजी मी जपून ठेवली आहे. ते पान मी वहीत चिकटवलंय.

पण हे एकच तुमचं ऐकत नाही. मुलाखतीआधी गप्प आणि मुलाखतीनंतर शूर, म्हणजे पुन्हा दोन गेज झाली. एक त्यांच्यासमोर आणि एक त्यांच्या पाठीमागं. तुम्ही ऑडिटर यायच्या दिवशी कधी वेगळं गेज काढलंत का? सांडूकाकांनी मला सांगितलंय. २०११ साली मालक म्हणाले होते, आजच्या दिवस सैल धर, आणि तुम्ही म्हणालात, "मंग गेज तुम्हीच धरा." मालक महिनाभर तुमच्याशी बोलले नव्हते. मी तुमचीच मुलगी आहे, याला तुम्हीच जबाबदार.

व्हिडिओ आज सकाळी टाकला. विद्यापीठ हातचं गेलं तर जाऊ दे. तसं मी बोलून टाकतेय खरं, पण ते गेलं तर मला फार लागेल, हेही लिहिते. त्या प्रयोगशाळेचे फोटो मी रोज बघते. पाऱ्यासारखी गुळगुळीत फरशी आहे, तापमान वीस अंशांवर धरून ठेवलेलं, भिंतीवर कुठंही धूळ नाही. तिथं उभं राहून काहीतरी मोजायचं, हे माझं स्वप्न आहे. ते मला पाहिजे. पण जीभ कापून नको.

नंदिनी

*

२४ नोव्हेंबर २०२५
मुंबईहून परतताना, गाडीत

अण्णा,

अक्षर वाकडं येतंय, गाडी हलतेय. मनमाड मागं पडलं. हे पत्र टपालात टाकणार नाही.

मुलाखत सहा मिनिटं चालली. काचेपलीकडं एक मध्यमवयीन बाई होत्या, वागायला नीट. आधी विद्यापीठाचं विचारलं, विषयाचं विचारलं. मग त्यांनी बाजूच्या पडद्याकडं बघितलं.

"या व्हिडिओत तुम्हीच आहात?"

"हो."

"यात म्हणताय की आधीचा काढून टाकला. का?"

"त्यात चूक होती. माझ्या वडिलांबद्दल."

"आणि आमच्या देशाबद्दल जे आहे ते?"

अण्णा, प्रयोगशाळेची फरशी डोळ्यांपुढं आली. निराला बाजारातल्या गृहस्थांनी पढवलेलं उत्तर जिभेवर तयार होतं, की ती फक्त स्पर्धा होती, विषय मला दिला होता. ते अर्धं खरंही होतं. अर्धं खरं म्हणजे तुमच्या टेबलावर लालच.

मी म्हटलं, "त्यात मला चूक सापडली नाही. तुम्हाला सापडली असेल तर सांगा, मी दुरुस्त करीन."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काहीतरी टाइप केलं. मग पासपोर्ट परत सरकवला, त्यात एक कागद. अर्ज नाकारलेला नाही, मंजूरही नाही, आणखी तपासणी बाकी आहे, किती दिवस ते सांगता येणार नाही. बाहेर आले तेव्हा माझ्या मागून आलेला एक जण म्हणाला, असा कागद मिळाला की जानेवारी विसरायचा. दुसरी एक मुलगी म्हणाली, तिच्या भावाला तीन आठवड्यांत मिळाला होता. मला माहीत नाही. भीती वाटतेय. पश्चात्ताप शोधून बघितला, नाही सापडला.

फाटकाबाहेर आल्यावर फोन चालू केला तर सांडूकाकांचे पाच कॉल. म्हणाले, आज सकाळी त्या कंपनीचा ऑडिटर पुन्हा आला होता. नवा व्हिडिओ त्यानं बघितलाय. त्यानं रजिस्टर मागवलं आणि म्हणाला, गेजचं काय ते मला त्या माणसाकडूनच समजून घ्यायचंय. तुम्हाला पॅकिंगवरून बोलावणं आलं. तुम्ही हात धुतले, चष्मा पुसला, आणि त्याला पाऊण तास उभं करून शिकवलंत. काका म्हणाले, "तो साहेब वही काढून लिहून घेत व्हता बघ. टेबल परत भेटंल का ते ठाव नाय. पण गोकुळचा आवाज साऱ्या शेडमधी ऐकू येत व्हता." गाडीत बसून मी हे तीनदा आठवलं.

आता अर्ध्या तासात लासूर येईल. तुमची अट होती की व्हिडिओ काढ, मगच घरात पाय ठेव. चुकीचा काढलाय, खरा ठेवलाय. अट पुरी झाली की नाही, ते इन्स्पेक्टरनं ठरवायचं. मी हे पत्र तुमच्या हातात देऊन दाराबाहेर उभी राहीन. आईला मध्ये बोलू देऊ नका. वाचून झालं की वर बघा आणि तपासा मला.

तिकडच्या लोकांनी त्यांचं गेज लावून बघितलंय, त्यांचा निकाल यायचा तेव्हा येईल. तुम्ही हिरवा ठिपका द्या, नाहीतर लाल द्या. पण पोरगी दमून आलीय, घाबरलीय, म्हणून सैल धरू नका अण्णा. सैल बाहेरच्यांना. मी घरची आहे. मला घट्टच लावा.

तुमची
नंदी